वस्तादांचा गुडघा आणि रुंद टायर

हिंदुराव वस्तादांपुढं गावात कुणी शब्द काढत नसे. मोटारसायकलचं मागचं टायर झिजून गुळगुळीत झालं, तेव्हा त्यांनी दुकानातल्या सगळ्यात रुंद टायरवर हात ठेवला. "हे बसव. पैलवानाची गाडी वाटली पाहिजे."

दुकानदार अन्वर चाचरत म्हणाला, "वस्ताद, रिम अरुंद आहे. हे तिच्यात आवळून बसेल, वळणावर दगा देईल. मूळ मापाचंच घ्या."

"मला शिकवतोस?" वस्ताद गरजले. अन्वरनं गपगुमान पाना उचलला.

मागं वैजंता उभी होती, वस्तादांच्या तालमीतली पोरगी. उद्या याच गाडीवर त्यांच्या मागं बसून, घाट उतरून तिला कुस्तीला जायचं होतं. ती शांतपणे म्हणाली, "वस्ताद, उद्या मला वरच्या वजनगटात उतरवा. नाव मोठं होईल."

वस्तादांचा चेहरा उतरला. "वेडी झालीस? अंगाला न पेलणारी जोड घेतली की सांधा जातो. ऐन उमेदीत मी तेच केलं. हा गुडघा बघ. पुन्हा आखाड्यात उतरलो नाही."

"मग या रिमला तसली जोड का लावताय? तुमचा गुडघा गेला, पण सांगायला तुम्ही उरलात. घाटात हे चाक सटकलं, तर सांगायला कोण उरेल?"

वस्तादांचा हात नकळत गुडघ्यावर गेला. मग ते रुंद टायर त्यांनी स्वतः उचलून जागेवर ठेवलं.

"अन्वर," ते हळू आवाजात म्हणाले, "गाडीला तिच्या गटातलंच दे."