उजवा कान

“...पण सिस्टर, औषधं तर थांबवली. आता नर्सिंग कसलं उरलं?”

विचारणारी तेजस्विनी. परीक्षेत पहिली आलेली, अतिदक्षता विभागात नुकतीच रुजू झालेली. सुवर्णपदक घरी कपाटात होतं, पण मान अजून ते गळ्यात असल्यासारखीच ताठ होती.

रणनवरे सिस्टरांचे केस याच विभागात पांढरे झाले होते. त्या सरळ खाटेजवळ गेल्या.

खाटेवर दशरथ तांबट शेवटच्या वाटेवर होते. डोळे मिटलेले, श्वास उथळ. डावीकडे स्टुलावर त्यांची बायको यमुनाबाई. बिचारीला आकड्यांतलं काही कळत नव्हतं, तरी डोळे मॉनिटरवरच खिळलेले.

“यांच्याशी बोललीस?” सिस्टरांनी विचारलं.

“सकाळपासून बोलतेय. तोंड पुसताना, कूस बदलताना. बेशुद्ध माणसालाही ऐकू येत असतं, शिकलोय आम्ही.”

“कुठल्या बाजूनं?”

“डाव्या. उजवीकडे मशीन आहे ना.”

सिस्टर यमुनाबाईंकडे वळल्या. “यांना कुठल्या कानानं नीट ऐकू येतं हो?”

“उजव्या. डावा कधीच गेला, हंडे ठोकून ठोकून. मीसुद्धा मघापासून हिकडंच बसलीये... स्टूल इथं होतं म्हणून.”

तेजस्विनीचा चेहरा उतरला. सकाळभराचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!

“मशीन मागे सरकव. स्टूल उजवीकडे घे.”

“पण सिस्टर, मग मला आकडे दिसायचे नाहीत.”

“नाही दिसायचे.”

तिनं मशीन सरकवलं.

यमुनाबाई उजवीकडे बसल्या. पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

“अहो, ऐकलंत का... माझ्या हातचं खारट, करपलेलं, सगळं गोड मानून खाल्लंत. ताट कधी सारलं नाहीत. लई सुखात ठेवलंत मला. येवढंच सांगायचं राहिलं होतं...”

तेजस्विनी पायांशी उभी होती. बघायला आकडे नव्हते. तिनं दशरथरावांच्या पावलांना हात लावला. गार होती. पांघरूण नीट करून तिनं तळवे आपल्या हातांत धरले, आणि यमुनाबाई बोलत होत्या तोवर तशीच धरून राहिली.

दुपार कलताना दशरथ तांबट गेले. शांतपणे गेले.

निघताना यमुनाबाईंनी तेजस्विनीचे दोन्ही हात घट्ट धरले. “पोरी, तुझं भलं होवो. माझं सांगून झालं बघ.”

आभार खरं तर आपणच मानायचे होते, असं तेजस्विनीला वाटत राहिलं.

खाट आवरताना ती हळूच म्हणाली, “सिस्टर... त्यांना ऐकू आलं असेल का हो?”

रणनवरे सिस्टर चादरीची घडी घालत होत्या. घडी पुरी झाली...

“तुला आलं ना?”