घासलेली नळी

“…मग रायफलीची नळीच खराब म्हणायची ना, आबा?”

शर्वरी भोईटेने हे पुन्हा विचारलं. आबा जगदाळे देवघरापुढे बसले होते, आणि देवांशी बोलणं चालू असताना ते माणसांना उत्तर देत नसत.

बाहेर माळावर धुकं उतरलं होतं. निशाणाच्या पाट्या, बांध, बाभळी, सगळं त्यात विरघळलं होतं. उंबऱ्यापलीकडे जग आहे की नाही, कुणी सांगितलं नसतं.

आबा पलटणीतून सुभेदार होऊन आले आणि या माळावर पोरांना नेमबाजी शिकवत राहिले. स्वतःची रायफल त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती. ती त्यांनी शर्वरीच्या हातात ठेवली, तेव्हापासून पोरीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

पण हल्ली गोळ्या भरकटत होत्या. पुण्यातली निवड चाचणी परवावर आली होती. या खेपेला हुकलं तर नेमबाजी सोडायची, असं ती घरी कबूल करून बसली होती.

म्हणून तिने नळीत घालायचा कॅमेरा मागवला होता. स्वस्तातलाच, बोरूएवढा बारीक, मोबाइलला जोडायचा.

आबांनी ताम्हणात देव मांडले. आंघोळीचं पाणी बाजूला ठेवलं, आणि मग म्हणाले, “दाव.”

तिने रिकाम्या रायफलीत तोंडाकडून, गोळी बाहेर पडते तिथून, कॅमेरा सोडला. पडद्यावर चंदेरी बोगदा उघडला. गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे सावकाश वळत वळत दूर निघाले होते. पाहता पाहता आपणच बारीक होऊन आत चाललोय असं शर्वरीला वाटायचं. पुणं, निवड, घरचे, सगळे मागे राहायचे. सराव झाला की रोज ती अशी हिंडून यायची.

आणि रोज तिला कुठेतरी डाग दिसायचा.

डाग दिसला की जीव थाऱ्यावर राहत नसे. चिंधी बांधलेली दोरी नळीतून ओढायची, एवढंच आबांनी शिकवलं होतं. तिला ते मिळमिळीत वाटे. ती तोंडाकडून पोलादी गज घालायची, तारेचा ब्रश फिरवायची, पुन्हा कॅमेरा, पुन्हा गज. एवढी लख्ख नळी जिल्ह्यात कुणाची नसेल, हे तिने आबांना अभिमानाने सांगितलं.

आबा पडद्याकडे पाहत राहिले.

“आटे ठळक कुठं हायेत?”

“मागे. गोळी पेटते तिथे.”

“आन पुसट?”

“तोंडाशी. गोळ्यांनीच झिजलेत ते.”

“आग कुठं असती, शर्वरी?”

“मागे…”

“मग तोंडाकडनं काय आत जातं?”

तिची नजर भिंतीला टेकवलेल्या गजाकडे गेली. तो चांगलाच चकाकत होता.

 तिला एकदम रडू आलं. आबांनी जन्मभर जपलेली नळी तिने मायेने खरवडली होती, आणि दोष नळीला द्यायला आली होती.

आबांनी ताम्हणातला एक टाक उचलून तिच्या तळहातावर ठेवला. चांदीचा पातळ पत्रा.

“ह्यो कोन देव, बघ तुझ्या कॅमेऱ्यानं.”

तिने कॅमेरा जवळ धरला. पडद्यावर चांदी पसरली. ना घोडा, ना तलवार, ना डोळे… बाहेर माळावर होतं तसंच धुकं.

“ओळखू येत नाही.”

“आई रोज घासायची. चिंच लावून, राख लावून. तिच्या आधी आजी.” आबांनी टाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. “लई माया व्हती दोघींची.”

“मग तुम्ही नमस्कार कुणाला करता?”

आबा हसले. त्यांनी टाक परत ताम्हणात ठेवला आणि उठले. अंगात ताप असतानाही या घरात देवांची आंघोळ कधी चुकली नव्हती. आज देव तसेच राहिले, पाणी तसंच राहिलं.

“चल. धुकं निघालं.”

“नळीत अजून डाग आहे. आधी पुसून घेते.”

आबांनी गज उचलला, देवघरामागे ठेवला आणि चालू लागले.

माळ हळूहळू परत येत होता. आधी बाभळी आल्या, मग पाट्या. शर्वरी पालथी झाली. पहिल्या गोळ्या भरकटल्या. तिने मागे वळून पाहिलं, तर आबा तारेवरचा पक्षी पाहत होते. तिने पुन्हा नेम धरला, श्वास सोडला. ती झाडत राहिली. हळूहळू नळीत काजळी बसली, नळीचा आणि तिचा सूर जुळला. दुर्बिणीतून पाहिलं, तर शेवटच्या गोळ्या एकमेकींच्या कुशीत शिरलेल्या होत्या.

तिचा ऊर भरून आला. तिने नळीवरून हात फिरवला आणि घराकडे पाहिलं.

“आबा, एकदाच… अगदी हलक्या हाताने पुसू?”

आबांनी तिच्या हातावर हात ठेवला.

“आज देव बी पारोसाच हाय, पोरी.”