एकच फुंकर

एकदा एक चूर्णांचा व्यापारी सायंपूजेच्या वेळी एका वृद्ध आचार्यांच्या घरी आला. आचार्यांचे निम्मे आयुष्य कर्करोगाच्या संशोधनात आणि उरलेले निम्मे देवपूजेत गेले होते. व्यापाऱ्याचे काम मात्र त्यांच्याशी नव्हते. देवघराबाहेर वाती वळत बसलेल्या त्यांच्या शिष्येशी, ऋजुताशी होते.

"ताई, तुमचं व्याख्यान ऐकलं," तो बसता बसताच म्हणाला. "नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू कर्करोगाच्या पेशी मारतो, असं तुम्ही सांगितलंत. माझ्या चूर्णानं तोच वायू शरीरात वाढतो म्हणतात. आमच्या आक्काला गाठ झालीय हो. इस्पितळातल्या औषधांना ती विटलीय. उद्यापासून ती औषधं बंद, आणि हे सुरू! तुम्ही फक्त 'हो' म्हणा."

ऋजुताचा चेहरा उजळला. आपली विद्या कुणाच्या तरी बहिणीला तारणार, याहून मोठा प्रसाद कोणता? एक प्रयोग मात्र तिने व्याख्यानात सांगितला नव्हता. त्याचा निकाल उलटा आला होता. एवढ्या यशात एक अपवाद चालायचाच, अशी तिने मनाची समजूत घातली होती. 'हो' अगदी ओठांवर आले, तोच देवघरातून आचार्यांची हाक आली.

"ऋजुता, इकडे ये. हा दिवा फुंकून विझव."

ती आत गेली, आणि व्यापारीही मागोमाग उंबऱ्याशी येऊन बसला. ती गडबडली. याच घरात तिला शिकवण मिळाली होती, की दिव्याला फुंकर मारू नये. फुलाने शांत करावा.

"आचार्य, फुंकून?"

"देवापुढचा नव्हे गं, माझ्या पोथीजवळचा. दोष लागलाच तर माझ्या माथी. फुंक!"

तिने फुंकर मारली. ज्योत क्षणात मावळली.

"शाबास. आता धुपाटण्यातला हा निखारा तसाच विझव."

तिने वाकून फुंकर घातली. निखारा लालबुंद झाला. तिने आणखी जोर केला, तेव्हा ठिणग्या तडतडल्या आणि सगळी राख उडून व्यापाऱ्याच्या शुभ्र टोपीवर बसली.

"अहो, भस्म लावायचं तर कपाळाला लावा की! टोपीला कसलं?" तो ओरडला, आणि आचार्य डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग ते सावकाश बोलू लागले. "फुंकर एकच, मुली. ज्योतीला तिने मारले, निखाऱ्याला तिनेच पोसले. हा वायूही तसाच. देह स्वतःच तो घडवतो. रक्तवाहिन्या त्याने सैल होतात, रक्षक पेशी त्याचाच मारा करून शत्रूला लोळवतात. त्याचा जोराचा मारा गाठीच्या पेशींना संपवू शकतो. पण तोच थोडा थोडा, दीर्घकाळ झिरपत राहिला, तर गाठ त्यावर पोसू शकते. किती, कुठे आणि किती काळ, हे पाहिल्यावाचून त्याला तारक म्हणू नये आणि मारकही म्हणू नये. तुझ्या त्या दुसऱ्या प्रयोगात काय झाले होते?"

ऋजुताने मान खाली घातली. "वायू थोडा होता, आचार्य. गाठीने नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतल्या. ती वाढली."

व्यापाऱ्याचा टोपी झटकणारा हात थांबला. "म्हणजे माझं चूर्ण आक्काची गाठ वाढवील?"

"तसे मी म्हटले नाही," आचार्य मृदुपणे म्हणाले. "तिच्या देहात ज्योत आहे की निखारा, हे आपल्यापैकी कुणी पाहिले आहे?"

तो ऋजुताकडे वळला. "ताई, मग 'हो' की 'नाही'?"

"ठाऊक नाही," ती म्हणाली. तिचा स्वर आता स्थिर होता. "जेवढं ठाऊक आहे, तेवढं सांगते. आक्कांचं औषध एक दिवसही बंद करू नका. आणि हे चूर्ण त्यांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चमचाभरही देऊ नका. उद्या मीही येते तुमच्याबरोबर."

"आक्का फार बोलेल हो मला. मीच तिला सांगून बसलोय की आता सुटलीस म्हणून!"

"मग तर येतेच. बोलणी निम्मी निम्मी वाटून घेऊ."

व्यापारी हसला. त्याने चूर्णाची डबी पिशवीत परत टाकली आणि आरतीला उभा राहिला. ऋजुता टाळ घेऊन त्याच्या शेजारी आली. व्याख्यानात टाळ्या मिळाल्या, तेव्हा मनात कुठेतरी एक काटा सलत राहिला होता. तो आता तिला शोधूनही सापडेना.

सत्याचा सोयीचा तेवढाच भाग सांगणाऱ्याने, त्याच्या भरवशावर कोण औषध सोडणार आहे, हेही एकदा पाहावे.