गुळव्याची बोटं आणि मैना

राजे घोड्यावरून फिरत आणि पाखरं माणसांशी बोलत, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर नक्की ऐकावी.

नदीकाठच्या एका गावात तातोबा नावाचा गुळव्या होता. उसाचा रस काहिलीत रटरटू लागला की पाक कधी झाला हे सांगणं त्याचं काम. थेंबभर पाक गार पाण्यात टाकायचा, दोन बोटांत गोळी वळून बघायची आणि म्हणायचं, "उतरवा." काहील जरा लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. चाळीस वर्षांत तातोबा एकदाही चुकला नव्हता.

त्याच्या गुऱ्हाळावर एक मैना येऊन बसायची. एक दिवस तातोबाने तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "उतरवा." त्याने गोळी वळून पाहिली, तर काय, अगदी बरोबर! पाक कसा वाजतो ते ऐकून ऐकून तिला पक्कं कळलं होतं. अहो, काय आनंद झाला गावाला! चटके गेले, धुरात डोळे चोळणं गेलं. तातोबाने बाजेवर अंग टाकलं. त्याची सून गोजरा नुकतीच हे काम शिकायला लागली होती, तिनेही हात झटकले.

"मैना आहे की, मामंजी," ती म्हणाली. तातोबाला ते पटलं.

अशी पाच वर्षं गेली. सहाव्या वर्षी सांगावा आला: राजकन्येचं लग्न आठ दिवसांवर आहे, लाडवांना गूळ तुमच्याच गावचा हवा. गावात नुसती धांदल उडाली! पण त्या साली पुराने जुनी शेतं खरवडून नेली होती. ऊस होता तो नदीने टाकलेल्या नव्या गाळातला, जेमतेम तीन काहिलींपुरता.

पहिली काहील चढली. मैना "उतरवा" म्हणाली, लोकांनी उतरवली. दुसरा दिवस उजाडला तरी गूळ बसेना. सगळी काकवी झाली होती.

दुसऱ्या काहिलीला मैना गप्पच.

"अगं, बोल की," तातोबा म्हणाला.

"हा रस वेगळा वाजतो," मैना म्हणाली. "मी तुमच्या बोटांकडे बघूनच आवाज ओळखायला शिकले, तातोबा. पाच वर्षं तुम्ही गोळीच वळली नाही. आता मी कुणाकडे बघू?"

तातोबा लगबगीने उठला आणि पाकाला हात घातला. पण मऊ पडलेल्या बोटांना चटका सोसेना, गोळी कच्ची की पक्की तेही उमगेना. तो घुटमळला आणि तेवढ्यात काहील करपली. चाळीस वर्षं न चुकलेला माणूस सगळ्या गावासमोर मान खाली घालून बसला. त्याला रडूच आलं.

आता उरली एकच काहील. गोजराने पदर खोचला आणि गार पाण्याचं भांडं पुढे ओढलं.

"उठा मामंजी. दोघं मिळून बघू."

मग काय सांगू तुम्हाला! थेंबामागून थेंब पाण्यात पडू लागला. पहिला विरघळला. दहावा बोटांना चिकटला. विसाव्याची गोळी झाली, पण मऊ. दोघांच्या बोटांना फोड आले, तरी कुणी हात मागे घेईना.

"उतरवू?" तातोबाने विचारलं.

"थांबा," गोजरा म्हणाली. तिने आणखी एक गोळी वळली आणि भांड्याच्या काठावर आपटली. ती टणकन वाजली.

"उतरवा," दोघं एकदमच म्हणाली.

गूळ बसला, पिवळाधमक, कणीदार! गावाने अक्षरशः उड्या मारल्या. पण तो निघाला पहिल्या पंगतीच्या लाडवांपुरताच. बाकीच्या पंगतींना राजाने दुसऱ्या गावचा गूळ मागवला आणि त्या गावाला पुढच्या सालापासून राजवाड्याला गूळ पुरवण्याचा निम्मा मान मिळाला. तातोबाच्या गावाने तो मुकाट्याने सोडला.

मैना मात्र तिथेच राहिली. आता आधी गोजरा गोळी वळते, मग मैनेला विचारते. नवा रस कसा वाजतो, तेही मैना तिच्याकडूनच शिकली.

तात्पर्य: हुशार मदतनीस जरूर ठेवावा, पण आपलं काम आपल्या हातांना विसरू देऊ नये.