दोन ठोक्यांच्या मधे

“...मग छाटी कधी देताय?” केरबानं विचारलं.

भगवी छाटी. ती अंगावर पडली की माणूस मठाचा झाला. मागणारा केरबा पैलवान, त्यात पोथ्या वाचलेला. म्हणजे दोन्ही अंगांनी फुगलेला.

मठाचे महंत भिवगीर बाबा गोठ्यात म्हशीची मान खाजवत होते. काय साधलंस ते आधी सांग, म्हणाले.

केरबानं सांगितलं. छातीच्या दर ठोक्याला नाम घेतो, एक ठोका फुकट जाऊ देत नाही. मग ध्यानात आलं की दोन ठोक्यांच्या मधे जागा उरते. आळशी जागा. तीही नामानं ठासून भरली. आता झोप येत नाही, छाती घोड्यागत पळते, पण सूतभर फट ठेवली नाही.

हे सगळं मिरवत.

बाबांनी दुधाची चरवी पुढं केली. “धार काढ.”

पैलवानाचा पंजा तो. सड धरला, आवळला. एक चिळकांडी आली. केरबानं मूठ सोडली नाही, अजून आवळली. दुसरी येईना. अजून आवळली. म्हशीनं लाथ झाडली, चरवी शेणात.

“पान्हा चोरतेय अवदसा,” केरबा म्हणाला.

“तिला कशाला शिव्या? मूठ तुझी. तू उघडशील तेव्हा वरनं दूध उतरेल ना.”

“मी धारा काढायला नाही आलो, बाबा.”

“माहीत आहे लेका. इकडं ये. कान लाव.”

बाबांनी उपरणं बाजूला सारलं. नुसत्या बरगड्या. केरबाला वाकायचं जिवावर आलं. तरी टेकला गुडघ्यावर, लावला कान.

धक...

आणि मग काहीच नाही.

म्हातारा गेला की काय? केरबा तसाच राहिला, कान लावून. हळूहळू भीती ओसरली. मयताच्या घरातली शांतता नव्हती ती. विहिरीत झरा उतरतो तेव्हा आवाज कुठं होतो? पाणी मात्र चढत असतं. तसं काहीतरी चाललं होतं आत. एवढ्याशा छातीत, आणि त्याला काठ लागेना.

ते आपणच भरत होतं, नाम कोंबायला तिथं जागाच नव्हती.

धक...

पुन्हा ते तसंच. तेवढंच मोठं.

आपला श्वास कधी लांबला, केरबाला कळलं नाही. मांडीवर आवळलेली मूठ कधी सुटली, तेही नाही. पैलवानाच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं, बाबांच्या बरगड्यांवर.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. छाटीचं विसरूनच गेला होता.

“बाबा... दोन ठोक्यांच्या मधे कुठं जातं हो काळीज?”

बाबांनी दोरीवरची छाटी ओढली आणि त्या उघड्या पंजावर ठेवली.

“जातंय कुठं? पीत असतं.”