गवतबाईचा उतार

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा नकाशे नव्हते, म्हणून हे राज्य नेमकं कुठं होतं ते मला विचारू नका. काळ्या खडकाचा उंच सडा, म्हणजे सपाट पठार, त्यावर एक नगर, एक राजा आणि पुष्कळ गुरं, एवढं ठाऊक असलं की पुरे.

त्या नगरात एक विदुषी राहायची. झाडापाल्याचा तिचा अभ्यास एवढा, की वैद्य अडले की तिच्याकडे यायचे. पण गेली अकरा वर्षं ती एकाच गवताच्या मागे लागली होती. सड्यावरच्या भेगांत बोटभर उंचीचं ते गवत उगवायचं. उन्हाळ्यात असं वाळायचं, की चिमटीत धरलं तर भुगा व्हावा. सहा सहा महिने तसंच पडून राहायचं. आणि पाणी मिळालं, की दुसऱ्या दिवशी हिरवंगार! हे कसं होतं, एवढंच तिला शोधायचं होतं. लोक तिला गवतबाई म्हणू लागले, आणि तेही कौतुकानं नाही.

लहानथोर मंडळी, तिच्या जागी मी असतो तर पहिल्याच वर्षी सगळं सोडून दिलं असतं. तिनं महिनोन् महिने जपून वाळवलेली गवताची कुंडी झाडणाऱ्या बाईनं कचरा म्हणून चुलीत घातली. एकदा नाही, तीनदा. मग गवतबाईनं कुंडीला पाटी लावली, ‘हे जिवंत आहे.’ ती पाटी वाचायला आणि हसायला निम्मं नगर येऊन गेलं. शेजारीणबाईंना त्या वाळक्या गवताची दया आली. त्यांनी त्याला रोज गुपचूप तांब्याभर पाणी घातलं, आणि चार महिन्यांचा प्रयोग बुडाला.

“अहो, पाणी घालू नका म्हणून किती वेळा सांगायचं?” गवतबाई म्हणाली.

“तहानलेलं बघवत नाही हो,” शेजारीणबाई म्हणाल्या.

गवतबाईनं नवी कुंडी भरली.

तरी अकराव्या वर्षी तिला उत्तर सापडलं. ते सांगायला ती राजाकडे गेली.

“महाराज, हे गवत वाळण्याआधी तयारी करतं. पाणी कमी व्हायला लागलं की पानं मिटून घेतं आणि अंगात एक गोड रस भरून ठेवतं. आवळा पाकात टिकतो ना, तसा त्याचा जीव त्या रसात टिकतो. मात्र या तयारीला त्याला आठ-दहा दिवस लागतात. ते हळूहळू वाळायला हवं.”

राजाला निम्मं समजलं. पण थोड्याशा पाण्यावर गुरांना चारा होईल हे पटलं. त्यानं नगराबाहेरचा उजाड उतार तिला दिला. तीन वर्षं खपून तिनं तो सगळा उतार गवतानं भरला. गुरं पोटभर चरू लागली.

चौथ्या वर्षी पाऊस आला नाही.

उतार आधी पिवळा पडला, मग तांबूस, मग राखेसारखा. कुरणांचा एक कारभारी होता. तो दरबारात उभा राहिला.

“महाराज, गवत मेलं. ते खणून काढू, तिथं हिरवा मका पेरू आणि मोठ्या विहिरीचं पाणी देऊ.”

“मेलेलं नाही,” गवतबाई म्हणाली. “वाळलंय.”

“मग दाखवा जिवंत करून.”

“दाखवते. उतारावरचा एक ठोंब पाण्यात ठेवते. एक दिवस आणि एक रात्र द्या.”

“एवढा वेळ कुणाला आहे?” कारभारी म्हणाला. “मीच परीक्षा घेतो.”

त्यानं तिच्या अंगणातल्या कुंडीतून हिरवागार ठोंब उपटून आणला. मुदपाकखान्यातल्या भट्टीवर धरून घटकाभरात खडखडीत वाळवला. मग पाण्याच्या परातीत ठेवला. दरबार बघत बसला. गवत काळं पडलं आणि करपट वास सुटला.

“झालं समाधान?” कारभाऱ्यानं विचारलं.

गवतबाईनं कपाळाला हात लावला. “कारभारी, हळूहळू वाळायला हवं, असं मी गेली चार वर्षं ओरडून सांगतेय. तुम्ही त्याला भाजलंत! भाजलेलं काय उगवणार?”

“वाळवणं ते वाळवणं. त्यात हळू काय आणि भरभर काय?”

कारभारी बोलला की राजा मान डोलवायचा, गवतबाई बोलली तरी डोलवायचा. शेवटी तो म्हणाला, “बाईंना एक दिवस देऊ या.”

गवतबाईनं पहाटेच उतारावरून आणलेला एक वाळका ठोंब राजासमोर परातीतल्या पाण्यात ठेवला. तेवढ्यात कारभारी सहज म्हणाला, “खणायला माणसं मात्र मी सकाळीच लावलीत.”

गवतबाई धावत सुटली. ती पोचली तेव्हा निम्मा उतार खणून झाला होता. उपटलेल्या गवताचे ढीग पेटले होते. ती उरलेल्या गवतात जाऊन आडवी झाली.

“बाई, उठा. आम्हाला हुकूम आहे,” खणणारे म्हणाले.

“मग आधी मला खणा!”

बाईमाणसावर कुदळ कोण चालवणार? माणसं खाली बसली. दुसऱ्या दिवशी राजा स्वतः परात घेऊन उतारावर आला. परातीतला ठोंब हिरवा झाला होता. पाती उलगडून ताठ उभी होती. राजानं ती बोटानं चाचपून पाहिली. मग त्यानं कुदळी परत पाठवल्या.

खणलेल्या निम्म्या उतारावर कारभाऱ्यानं मका पेरलाच. मक्यानं वीस दिवसांत मोठी विहीर पिऊन टाकली आणि पाणी संपताच तो माना टाकून मेला. पुढे पावसाची एक ओझरती सर येऊन गेली. राखेसारखा उतार दोन दिवसांत हिरवा झाला, पण निम्माच. त्यावर निम्मीच गुरं जगली. उरलेली गुरं त्या वर्षी सड्यावर जागोजागी पडली. ज्या घरांची ती होती, त्या घरांचे गोठे वर्षभर रिकामे राहिले.

कारभाऱ्याला राजानं जाब विचारला. तो म्हणाला, “बाईंनी आधी नीट समजावून सांगायला हवं होतं.”

गवतबाईनं त्याच्याकडे पाहिलं.  मग कुदळ घेऊन ती खणलेल्या उतारावर गेली आणि पहिल्या ठोंबापासून पुन्हा लावायला बसली.

म्हणून मंडळी, ज्याला वेळ लागतो त्याला वेळ द्यावा. आपल्या घाईनं घेतलेली परीक्षा जिवंतालाही मेलेलं ठरवते.