उपाशीपोटीचा उजेड

"हे कुणाचं काम आहे? कुणी मोडली माझी समाधी?"

सोहमगिरी डोळे उघडताच ओरडला. हिरड्यांना गोड चिकटा लागला होता. कुणीतरी त्याच्या गालात काकवी चोळली होती. तीही ऐन एकादशीला!

मठातली चार-पाच माणसं खाली मान घालून उभी राहिली...

"मी," भैरवगिरी महाराज म्हणाले. त्यांची बोटं अजून चिकट होती.

सोहमगिरी घामानं भिजला होता. सात वर्षं ज्यांच्या पायाशी बसलो, त्यांनीच ओढून खाली आणावं? बाहेर दर्शनाला माणसांची रांग लागली होती. उपासात देहभान हरपणारा तरुण साधू म्हणून वर्षभरात त्याचं नाव पाच गावांत झालं होतं.

"महाराज, मला उजेड दिसत होता."

"काल दिसला?"

"काल उपास नव्हता."

"जेवलेल्या माणसाचं देवाला वावडं आहे काय रे?"



महाराजांनी आसनाखालून एक मोठं पाकीट काढलं. सोहमगिरीनं ते ओळखलं. गेल्या महिन्यात तो पायऱ्यांवर कोसळला, तेव्हा गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बळंच शहरात नेऊन तपासण्या केल्या होत्या. ते कागद त्यानं पोथ्यांमागे दडवले होते.

"तुझ्या स्वादुपिंडात हरभऱ्याएवढी गाठ आहे," महाराज म्हणाले. "ती सारखी इन्शुलिन सोडते. तू उपाशी राहिलास की रक्तातली साखर तळाला जाते आणि तू पडतोस. एक दिवस उठणार नाहीस."

"डॉक्टरांना समाधीतलं काय कळतं?"

"मला तरी कुठं कळतं? चाळीस वर्षं बसतोय. अजून एकदाही घाम फुटला नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

सोहमगिरीचा आवाज एकदम खाली आला. "ऑपरेशन झालं... आणि उजेड परत दिसलाच नाही, तर?"

"तर तो गाठीचा होता."

"मग माझ्याकडे काय उरलं?"

 महाराज उठून चुलीपाशी गेले. मठाच्या कामावरच्या गवंड्यांसाठी तिथं भाकऱ्या भाजून ठेवल्या होत्या. चाळीस वर्षांत एकादशीला त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

त्यांनी भाकरी मोडली. अर्धी स्वतः खाल्ली, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत...

उरलेली अर्धी त्याच्यापुढे धरली.

किती तरी वेळ तो हात तसाच पुढे होता.

शेवटी सोहमगिरीनं भाकरी घेतली.  एकेक घास करत त्यानं ती संपवली.

"बाहेरच्यांना काय सांगू, महाराज?"

"आहे ते."

तो बाहेर आला. माणसं पाया पडायला वाकली.

"नका वाकू," तो म्हणाला. "तुम्हाला वाटतं तसं काही नाही. मी... मी आजारी आहे. पोटात गाठ आहे. ऑपरेशन करायचंय."



रांगेतून हातात नारळ धरलेली एक म्हातारी कमरेला पदर खोचत पुढं आली.

"आजारी हाईस? मग उन्हात काय उभा ऱ्हायलास, पोरा? खाली आमची जीप हाय, तिच्यात बस जा. आमी जाऊ की चालत."